जुन्या गाडीचा ब्रेक आणि कोरा कागद

आपल्या समाजात पाना हातात धरणारे कारागीर भरपूर आहेत. पेन हातात धरणारे मिस्त्री मात्र फार थोडे. माझ्या जुन्या व्हॅनच्या ब्रेकने सात महिने जो छळ केला, त्याचे मूळ मला शेवटी याच गोष्टीत सापडले. धंद्याच्या पानावर गाडीचे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्यांचा माल गाडीवरून जातो आणि ज्यांचे घर गाड्या दुरुस्त करून चालते, असे दोन्ही प्रकारचे वाचक या पानाला आहेत आणि दुखणे दोघांचेही आहे.

तळवड्यात आमचे शीटमेटलचे लहान वर्कशॉप आहे. ब्रॅकेट, कव्हर, छोटी पॅनेल असा माल चाकणला दोन-तीन ठिकाणी पोचवावा लागतो. रोजचे टेम्पोभाडे परवडेना, म्हणून नऊ वर्षे वापरलेली एक व्हॅन घेतली. (पांढऱ्या पाटीच्या गाडीतून धंद्याचा माल नेणे नियमात बसत नाही, हा कान मी आधीच पकडतो.) विकणाऱ्याने इंजिन चालू करून दाखवले, टायर दाखवले, सीटचे नवे कव्हर दाखवले. मैदानात मी दोनदा ब्रेक दाबला, गाडी थांबली, सौदा झाला. ब्रेक तेव्हा थंड होता, हे माझ्या डोक्यात आले नाही.

पंधरा दिवसांत रोग दिसला. चाकणहून परतताना पुढच्या चाकांतून जळका वास येऊ लागला. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली तरी सरेना; पाय काढल्यावरही ब्रेक धरूनच बसलेला. तासभर उभी ठेवली की पुन्हा मोकळी. पहिल्या मिस्त्रीने कॅलिपर खोलून धुतले, पिनांना ग्रीस लावले आणि आठशे रुपये घेतले. तीन आठवडे बरे गेले. दुसऱ्याने पॅड बदलले. तिसऱ्याने मास्टर सिलिंडरची किट टाकली, तेल भरले, हवा काढली. दोन महिने गाडी अशी चालली की मी त्याची दहा जणांकडे तारीफ केली. मग पुन्हा तोच वास. चौथा म्हणाला, आधीच्याने डुप्लिकेट किट घातली, आता अख्खा सिलिंडरच बदलू. तोही बदलला. प्रत्येक जण आधीच्याला नावे ठेवी आणि काम पहिल्यापासून सुरू करी. मधल्या काळात फेब्रुवारी २०२५ ची पाडापाडी होऊन कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि लहान वर्कशॉप उठली, तेव्हा त्या बाजूला बसणारा आमचा तिसरा मिस्त्री कुठे गेला, तेही कळेना. त्याने नेमके काय केले होते, हे विचारायलाही माणूस उरला नाही.

एके संध्याकाळी, कंपन्या सुटायच्या वेळी, पुतण्या गाडी घेऊन येत होता. देहू-आळंदी रस्त्यावर त्या वेळी जी गर्दी असते ती इथल्यांना सांगायला नको. दहा पावले चालायचे, थांबायचे. तळवडे चौकाच्या अलीकडे पेडल तळाला गेले. पोराने दोन-तीनदा पेडल मारले, गिअर पाडला, हँडब्रेक ओढला. गाडी कंपनीच्या बसमागे वीतभर अंतरावर थांबली. एक सायकलवाला क्षणभर आधीच त्या जागेतून बाजूला झाला होता. पुतण्याने आठवडाभर स्टिअरिंगला हात लावला नाही आणि मीही त्याला म्हटले नाही.

इथे थोडे यंत्राचे बोलतो, कारण ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल ढकलले जाते आणि तोच दाब पाइपातून चारही चाकांना पोचतो. तेल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. पण तेच तेल उकळले तर त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढते. डॉट-३ प्रतीचे कोरे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट-४ ला हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. म्हणूनच दर दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात. आपल्याकडे तेल बदलत नाहीत, कमी झाले की वरून ओततात.

शेवटी एका गिऱ्हाइकाने भोसरीतल्या एका वयस्क मिस्त्रीचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीकडे न पाहता आधी हात पुढे केला, "आधीच्या कामांचे कागद दाखवा." माझ्याकडे एकही नव्हता. चार मिस्त्री, सात महिने, अकरा हजारांच्या वर खर्च आणि हातात एक चिठ्ठी नाही. चाचा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी तेलाच्या डबीचे झाकण उघडले आणि आतला रबर मला दाखवला. तो फुगून वेडावाकडा झाला होता. मग त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतले आणि डबीतले थोडे तेल त्यात सोडले. ब्रेकचे खरे तेल पाण्यात मिसळून जाते. या ग्लासात वर तवंग तरंगत राहिला.

"कोणीतरी यात दुसरे तेल ओतले आहे, नाहीतर रबर पेट्रोलने धुतले आहे," ते म्हणाले. "हे पाइपात आहे तोवर तुम्ही कितीही नव्या किट घाला, त्याही फुगणार."

सगळा उलगडा इथे झाला. ब्रेकच्या रबराला इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांतले काहीच चालत नाही. रबर फुगतो. मास्टर सिलिंडरमधला रबर फुगला की तेल परत यायचे बारीक भोक झाकले जाते, दाब सुटत नाही आणि ब्रेक धरून राहतो. धरलेला ब्रेक तापतो, तेल उकळते आणि पेडल तळाला जाते. वास आणि पेडल ही दोन वेगळी दुखणी नव्हती. नवी किट काही आठवडे चालायची, कारण रबर फुगायला तेवढा वेळ लागतो. आणि तेवढ्या वेळात मिस्त्रीचे पैसे घेऊन झालेले असत.

यात पहिला गुन्हेगार कोण, हे मला आजही ठाऊक नाही. आधीच्या मालकाने चुकीची बाटली ओतली असेल. पण आपल्या गॅरेजांत सुटे भाग धुवायला पेट्रोल-रॉकेलची जी थाळी असते, तीत ब्रेकची रबरेही बुडवली जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. उस्तादाने केले म्हणून शागीर्द करतो. ती धुवायची तर ब्रेकच्याच ताज्या तेलात किंवा स्पिरिटमध्ये, एवढी साधी गोष्ट. जाता जाता आणखी एक: ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारतात, तेही बंद व्हावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि ती धूळ मारणाऱ्याच्याच छातीत जाते.

गंमत म्हणजे हे सगळे कुठे घडते आहे? इटलीच्या ब्रेम्बोचा दुचाकीच्या ब्रेकचा कारखाना चाकणला आहे. गाड्यांची आणि सुट्या भागांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. ब्रेक बनवण्यात आणि तपासण्यात हा पट्टा देशात पुढे आहे. पण नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की खाजगी गाडीचा ब्रेक पंधरा वर्षे कोणी सरकारी माणूस पाहत नाही. पीयूसीवाला धूर बघतो, विमेवाला कागद बघतो. मालवाहू आणि भाड्याच्या गाड्यांना फिटनेस लागतो: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीला पहिल्या नोंदणीची मुदत संपेपर्यंत ती कटकट नाही, म्हणून आपण खूश असतो.

आणि काही झाले की 'ब्रेक फेल' म्हणून मोकळे होतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने पुढच्या कितीतरी गाड्या ठोकल्या, तेव्हाही पहिली बातमी ब्रेक फेलचीच आली. नंतर तपासात पोलिसांनी सांगितले ते वेगळेच: चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. ट्रकच्या ब्रेकला लागणारी हवा इंजिनच भरते. 'ब्रेक फेल' हे नुसते दुखण्याचे नाव, कारण पुढे शोधायचे असते. माझे चारही मिस्त्री नावावरच थांबले.

पण केवळ त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या जागी बसून पाहा. मी प्रत्येकाला काय सांगितले? "संध्याकाळी गाडी हवी आहे." "जास्त खोलू नका, चालण्यापुरते करा." दुसऱ्याकडे तर पॅड मीच बाजारातून स्वस्तातले आणून दिले होते. ज्याला दोन दिवस द्यायचे तिथे दोन तास दिले आणि ज्या कामाचे हजार होतात तिथे पाचशेवर घासाघीस केली. अशा गिऱ्हाइकाला पाइपलाइन धुवून सगळी रबरे बदलायला सांगण्याची हिंमत कोणता मिस्त्री करील? तो सांगेल आणि गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाईल. चाचांनी मला दोन दिवस आणि सात हजार चारशे रुपये सांगितले, तेव्हा माझ्याही तोंडून "काही कमी?" निघालेच. त्यांनी उत्तर दिले नाही, पाना उचलला.

तरीही नोंदीच्या बाबतीत मी मिस्त्री बांधवांची बाजू घेणार नाही. पहिल्याने जर लिहून दिले असते की अमुक तारखेला कॅलिपर खोलले, रबर फुगलेला दिसला, तर दुसऱ्याने पॅडवर पैसे घालवले नसते. डॉक्टर बदलला तरी जुनी चिठ्ठी आपण घेऊन जातो. गाडीच्या बाबतीत प्रत्येक मिस्त्री कोऱ्या कागदावर सुरुवात करतो आणि दाम मात्र गिऱ्हाईक दरवेळी नव्याने मोजतो.

बिल म्हटले की आपल्या लोकांना जीएसटी आठवतो. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि साधी सही केलेली पावती कोणीही देऊ शकतो. तिच्यात कर लावायचा नसतो. तारीख, किलोमीटर, काय सापडले, काय बदलले, कोणत्या कंपनीचा भाग, किती दिवसांची हमी, एवढे लिहावे आणि काढलेला जुना भाग पिशवीत घालून मालकाला द्यावा. जुना भाग परत देणाऱ्या मिस्त्रीवर संशय घ्यायला जागा राहत नाही. मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे गिऱ्हाईक का वळते? तिथला कारागीर आपल्या उस्तादापेक्षा हुशार असतो म्हणून नव्हे. तिथे कागद मिळतो म्हणून.

गिऱ्हाइकालाही त्या कागदाची गरज आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष दुरुस्तीची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा सहसा लागू होत नाही, पण स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, हे लहान कारागिराने लक्षात ठेवावे. मला मात्र हा दरवाजा बंदच होता. पुराव्याला काय दाखवणार, जळका वास?

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडे. मैदानात दोनदा ब्रेक दाबून सौदा करू नका. गाडी अर्धा तास गर्दीत चालवा, मग चाकांजवळ हात नेऊन धग पाहा. तेलाच्या डबीचे झाकण उघडा, रबर पाहा. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून गाडी परत बोलावलेली आहे का तेही तपासा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुतीने मागच्या ब्रेकमधल्या एका पिनेसाठी वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निसच्या ९,९२५ गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि असा दोष दुसऱ्या मालकाला कोणी घरी येऊन सांगत नाही. किमतीत ब्रेकच्या पूर्ण कामाचे सात-आठ हजार आधीच धरा. विकणाऱ्यांबद्दल एवढेच: १९३० चा मालविक्री कायदा बहुतेक वेळा खरेदीदारालाच डोळे उघडे ठेवायला सांगतो, पण ऐब लपवलेला माल परत करण्याचा हक्क आपल्या फिक्हमध्ये आहे आणि आपल्यातले व्यापारी तो जाणतात.

चाचांनी मास्टर सिलिंडर, कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर यांची सगळी रबरे आणि होस पाइप बदलले, लोखंडी पाइप स्पिरिटने धुतले. पाच महिने झाले, वास नाही. त्यांनी दिलेले बिल म्हणजे नातवाच्या शाळेच्या वहीचे पान आहे. वर तारीख आणि किलोमीटर, मधे बदललेल्या वस्तूंची यादी, खाली सही आणि शेवटच्या ओळीत पुढच्या तेलाची तारीख. ते पान मी आरसीच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवले आहे. गाडी विकेन तेव्हा गाडीबरोबर तेही जाईल.