शिकण्यापुरतं चालेल!

मराठी मध्यमवर्गीय घरात वस्तूंचे तीन प्रकार असतात. रोजच्या वापराच्या, पाहुण्यांसाठीच्या आणि 'शिकण्यापुरत्या'. या तिसऱ्या प्रकारात चेन उतरणारी सायकल, तीन सूर मुके असलेली पेटी, खुट्या सैल झालेली सतार आणि काका सोडून गेलेला बुद्धिबळाचा पट (उंटाच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच) अशी सगळी मानाची मंडळी येतात. यावर जो शिकेल तो शिकेल. जो शिकत नाही त्याच्याबद्दल 'मुळात आवडच नाही हो त्याला' असा निकाल लागतो. पेटीची चौकशी कोणी करत नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण कुमिहिमो. नाव ऐकून घाबरू नका, खायचा पदार्थ नव्हे. 'कुमु' म्हणजे एकत्र गुंफणं आणि 'हिमो' म्हणजे दोरी. आपल्याकडे त्याला सरळ गोफ म्हणतात. जपानी लोक मात्र तो मांडीवर न विणता 'मारुदाई' नावाच्या लाकडी घोडीवर विणतात. वर गुळगुळीत गोल चकती, तिच्या मध्यभागी भोक. चकतीवरून आठ, सोळा किंवा आणखी पदर खाली सोडायचे आणि प्रत्येकाच्या टोकाला 'तामा' नावाची वजनदार लाकडी रिळं बांधायची. भोकातून खाली उतरणाऱ्या गोफाला उलट वजनाची पिशवी लटकवायची. ७० ग्रॅमच्या आठ तामा असतील तर पिशवी साधारण त्याच्या निम्म्या वजनाची, म्हणजे २५० ते २८० ग्रॅमची. मग ठरलेल्या क्रमाने समोरासमोरचे पदर उचलून ठेवत जायचं. ओढायचं काहीच नाही. ओढण्याचं काम वजनं करतात, आपण फक्त जागा बदलायची. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ही कल्पना लगेच पटते.

माझी भाची जपानहून मारुदाई घेऊन आली आणि आमच्या दिवाणखान्यात वाद सुरू झाला. वाद घोडीवरून नव्हता, धाग्यावरून होता. मी रेशीम आणायला निघालो, तेव्हा शेजारचे अण्णा म्हणाले, "अहो, रेशीम कशाला? शिकण्यापुरतं नायलॉन चालेल की!"

नाही चालणार, अण्णा. का नाही, ते आज जाहीरपणे सांगतो.

आमच्या भागात या विद्येचं एक दोन तासांचं शिबिर झालं. बत्तीस खाचांची फोमची चकती, चकचकीत नायलॉनची दोरी आणि शेवटी प्रमाणपत्र. चकतीशी माझं वैर नाही. बिचारी हलकी आहे, पिशवीत मावते, लोकलमध्येही काढता येते. फक्त तिच्यात धागा खाचेत अडकतो, त्यामुळे ताण द्यायचं काम हाताकडे येतं. आणि त्या हातात दिलं काय, तर नायलॉन! ते सुळ्ळकन निसटतं, दाबलं की उसळतं, वळवलं की परत सरळ होतं. अण्णांची अकरा वर्षांची नात तासभर त्याच्याशी झगडली. शेवटी बाईंनी तिचा गोफ वर धरून सांगितलं, "तुझा हात जड आहे गं." पोरगी घरी आली, चकती माळ्यावर गेली. एका मुलीच्या हाताबद्दलचा निकाल एका दोरीने लावला!

आता रेशीम काय करतं ते पाहा. एका कोशातून निघणारा तंतू सलग असतो, हजार मीटरच्या आसपास भरतो. असे अनेक तंतू फारसा पीळ न देता एकत्र घेतले की जो पदर होतो, तो चकतीवर पसरतो, शेजारच्या पदराला जागा देतो आणि मग त्याला धरून बसतो. एखादा पदर जरा जास्त ताणला गेला, तर गोफावर लगेच दिसतं. पुढच्या फेरीला हात आपोआप सुधारतो. शिकणं म्हणजे दुसरं काय असतं? नायलॉन मात्र सगळ्यांनाच नापास करतं, आणि कशात नापास ते सांगत नाही.

जपान्यांनी रेशीम काही चैनीसाठी धरलं नव्हतं. सामुराईंच्या चिलखताच्या पट्ट्या या गोफांनी ओवलेल्या असत, तलवारीची म्यान त्यांनीच बांधलेली असे. तिथे गाठ सुटणं म्हणजे गंमत नव्हती. १८७६ साली सरकारने तलवार बाळगायला बंदी केली आणि गोफवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलं. त्यांनी किमोनोच्या पट्ट्यावरून बांधायच्या 'ओबिजिमे'कडे मोर्चा वळवला. साधारण दीड मीटरचा हा गोफ दिवसभर उठबस करूनही सैल पडत नाही, कारण रेशीम रेशमाला धरून राहतं. तोक्योतलं 'दोम्यो' हे गोफांचं दुकान १६५२ पासून चालू आहे. इगा आणि क्योतो इथल्या कुमिहिमोला १९७६ साली पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला. तलवार गेली, गोफ राहिला. 'आता तलवारच नाही, तर सुतळी चालेल' असं तिथे कोणी म्हणालं असतं, तर काय राहिलं असतं?

"पण रेशीम ओळखायचं कसं?" हा प्रश्न रास्त आहे. दुकानात 'आर्ट सिल्क' म्हणून रिळं मिळतात. यातला आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल! त्या नावाने रेयॉन नाही तर पॉलिएस्टर घरी येतं. एक तुकडा काडीने पेटवून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर रेशीम. कागदासारखा भुरभुर जळला, तर रेयॉन. वितळून टणक मणी झाला, तर अण्णांचं नायलॉन किंवा त्याचा भाऊबंद. (हा प्रयोग दुकानात करू नये.) आपल्याकडे २००४ पासून सिल्क मार्कही आहे, त्याची चौकशी करावी. धागा सलग तंतूचा घ्यावा. तुटक्या तंतूंपासून कातलेलंही रेशीमच, पण ते मऊ आणि निस्तेज दिसतं, तेवढं झळकत नाही. रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न पाहता दारात उन्हात पाहावेत. आणि सुरुवातीला दोनच घ्यावेत, एक गडद, एक फिका. आठ पदरांत दोन रंगांच्या जागा बदलल्या की नक्षी बदलते. बारा रंग घेणाऱ्याचा गोफ वरातीच्या बँडवाल्याच्या डगल्यासारखा दिसतो.

राहिला खर्च. "शिकताना रेशीम वाया जाईल" हे अण्णांचं हुकमी अस्त्र. त्यांनी गोव्यात काणकोणकडे शिगम्याला गोफ नाचताना पाहायला हवा. वरून सोडलेल्या रंगीत पट्ट्या नाचता नाचता गुंफत जातात आणि मग तीच पावलं उलटी टाकून सगळा गोफ उलगडतात. कुमिहिमोचंही तसंच आहे. चाली उलट्या केल्या की पदर मोकळे. रेशीम जरा पिंजारतं, पण आठवडाभर तोच धागा पुरतो. चूक दुरुस्त करू देणारा धागा महाग कसा?

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. रेशमासाठी कोशातला जीव मरतो, हे खरं आहे. ज्याला ते नको असेल त्याने चांगलं सूत घ्यावं. सूत प्रामाणिक असतं, आपण रेशीम आहोत असं सोंग ते आणत नाही. माझं भांडण स्वस्ताशी नाहीच, 'काहीतरी' शी आहे.

कारण आपला हिशेबच उलटा आहे. उस्तादाला उत्तम वाद्य, नवशिक्याला मोडकं. वास्तविक उस्ताद मोडक्या पेटीतूनही सूर काढील, सुतळीचाही सुंदर गोफ करील. चांगल्या वस्तूची गरज असते ती ज्याला अजून काही येत नाही त्याला. सुतावरून स्वर्ग गाठायचा असेल, तर निदान सूत तरी धड द्या.

अण्णांना हे पटलेलं नाही. पण परवा त्यांची नात आमच्याकडे येऊन दोन रंग निवडून गेली, निळा आणि पांढरा. अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "किती झाले?" मी म्हटलं, "शिकण्यापुरते."