मालमोटारी आधी, समजावणी नंतर

झाशीचा बडा बाजार असो वा नागपूरची इतवारी, तिथे रंग, बॅटऱ्या, कीटकनाशके घेणाऱ्याला त्यांच्या निर्मितीत उरलेला विषारी कचरा कुठे जातो, हा प्रश्न पडत नाही. तो कुठल्यातरी गावाच्या शिवारात जातो, आणि त्या गावाला सर्वांत शेवटी विचारले जाते. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कचऱ्याचा प्रवास हेच सांगतो.

१९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर पडून राहिलेला हा कचरा अंकलेश्वरला जाळण्याचे घाटत होते. २००७ मध्ये गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीचे नाव पुढे आले. विदर्भात विरोध झाला, महाराष्ट्र सरकारही राजी झाले नाही आणि तो बेत बारगळला. उरले मध्य प्रदेशातीलच धार जिल्ह्यातले पीथमपूर. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली आणि १ जानेवारी २०२५ च्या रात्री सुमारे ३३७ टन कचरा घेऊन १२ मालमोटारी निघाल्या. ३ जानेवारीला पीथमपूर पेटले; दोघांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला. त्यानंतर न्यायालयाने सहा आठवडे दिले, सरकार लोकांना समजावू लागले. आधी ३० टनांची तीन टप्प्यांत चाचणी झाली आणि जूनअखेर उरलेला कचरा जाळून झाला.

चाचणीत उत्सर्जन मर्यादेत असल्याचे सरकारने सांगितले. पण हीच चाचणी, हीच माहिती मालमोटारी निघण्यापूर्वी का नव्हती? लोकांचा विरोध अज्ञानातून येतो, असे मानणे प्रशासनाला सोयीचे असते. प्रत्यक्षात तो अविश्वासातून येतो. भोपाळचा अनुभव गाठीशी असताना तो अनाठायीही म्हणता येत नाही.

अर्थात, प्रत्येकाने नकार दिल्यास कचरा भोपाळमध्येच राहतो. चार दशके तो तसाच राहिला. म्हणून नकाराचा अधिकार राज्याच्या राजकीय वजनावर ठरू नये. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे, पण मंजुरीप्राप्त औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना तीतून सूट आहे. घातक कचऱ्यापुरती ही सूट काढावी. मोजमाप स्वतंत्र संस्थेकडे द्यावे आणि त्याचे आकडे गावाच्या भाषेत, गावाच्या चावडीवर लावावेत. संमती मिळवायला वेळ लागतो, हे खरे. पण ती टाळण्यात किती वेळ जातो, याचा हिशेब भोपाळनेच दिला आहे.