काका, आता नवीनच घ्या!

हे वाक्य चपलेच्या दुकानात ऐकले तर मी रागावत नाही. चप्पल झिजलेली मलाही दिसत असते. पण आमची ताई साताऱ्याहून सांगलीला दिली, त्या दाजींच्या हळदीच्या अडत दुकानातला संगणक कुठे झिजला होता? बिचारा दाजींपेक्षा लवकर हिशेब करी आणि चहा मागत नसे. तरी एके दिवशी हिशेबाचा प्रोग्रॅम विकणाऱ्या कंपनीचा पोरगा येऊन म्हणाला, "हा बत्तीस बिटी आहे. आमची नवी आवृत्ती चौसष्टवरच चालते. जुनीचा परवाना आता वाढवून मिळणार नाही."

"मग बत्तीसचीही काढा की एक!" दाजी म्हणाले.

पोरगा नुसता हसला. माझे भांडण त्या हसण्याशी आहे. शेतकऱ्यांना दिलेल्या उचलींची अकरा वर्षांची खाती त्या प्रोग्रॅममध्ये अडकलेली, आणि हा हसतो!

प्रोग्रॅम म्हणजे पाककृती. कागदावर एकच, पण प्रोसेसरच्या जातीगणिक बोली निराळी. इंटेलची एक, मोबाइलमधल्या एआरएमची दुसरी. त्या त्या बोलीत पाककृती उतरवायची, याला म्हणतात बिल्ड. शिवाय विंडोज कितवी, याचे सोवळे वेगळेच! अहो, पण चूल निराळी म्हणून साताऱ्याचा आचारी सांगलीच्या वऱ्हाडाला उपाशी ठेवतो काय?

मिरज जंक्शन आठवा. एकेकाळी तिथे तीन मापांचे रूळ येत: साडेपाच फुटी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी अडीच फुटी बार्शी लाइट. माल या डब्यातून त्या डब्यात चढवताना हमालांचा घाम निघे. पण "तुमच्या पंढरपूरला आमचा सपोर्ट नाही" असे कुठल्या स्टेशनमास्तरने वारकऱ्याला सांगितल्याचे ऐकिवात नाही.

काम कटकटीचे आहे, कबूल. प्रत्येक बिल्ड तपासायचा, त्यासाठी जुनी यंत्रे जपायची. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्ती काढलीच नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. पण फुकट वाटल्या जाणाऱ्या डेबियनची २०२५ सालची तेरावी आवृत्ती सात जातींच्या प्रोसेसरांसाठी बांधलेली आहे! जुन्या ३२ बिटी इंटेलला त्यांनीही या आवृत्तीत निरोप दिला, पण १९९३ पासून सांभाळल्यावर. आणि अ‍ॅपलने २०२० साली इंटेल सोडताना जुन्या प्रोग्रॅमांसाठी रोझेटा २ नावाचा दुभाषा दिला. पाहुण्याला निरोप द्यायचीही एक रीत असते. दर वर्षी परवान्याचे पैसे घेणाऱ्यांना तेवढी जमू नये?

निदान वर्षभर आधी तारीख सांगा. शेवटची चालती आवृत्ती काढून घेऊ नका. आणि आमची खाती बाहेर काढायची वाट मोकळी ठेवा. ती आमची आहेत, तुम्ही फक्त कपाट विकले होते.