सस्पेन्शन

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसासमोर 'सस्पेन्शन' हा शब्द जरा जपून उच्चारावा. गेल्या वर्षी एका संध्याकाळी आमचा पुतण्या घरात शिरला आणि बूट काढता काढता म्हणाला, "काका, सस्पेन्शनचं नक्की झालं!"

मी मटकन खाली बसलो. "निर्वाहभत्ता किती देणार? आणि चार्जशीट मिळाली का हातात?"

निलंबन त्याचं नव्हतं, त्याच्या पोलो गाडीचं होतं. कंपनीने दिलेले भलेचांगले शॉकअॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगा काढून त्याला 'कॉइलओव्हर' बसवायचे होते. त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज हवं होतं आणि कर्जाला दोन जामीनदार. त्यातला एक मी. तेव्हा या विषयावर मी जे बोलणार आहे, ते तज्ज्ञ म्हणून नव्हे; सही केलेला माणूस म्हणून बोलणार आहे. जामीनदाराइतका बारीक अभ्यास तज्ज्ञसुद्धा करत नाही.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकच्या नळीभोवती चढवलेली स्प्रिंग. नळीला बाहेरून आटे असतात, त्यावरची चकती फिरवली की गाडीची उंची कमीजास्त होते. स्प्रिंगच्या पोटात शॉक ही रचना पुढच्या चाकांना कंपनीनेही दिलेली असतेच. मॅकफर्सन नावाच्या इंजिनियरच्या नावाने ती ओळखली जाते. नवीन असतात ते आटे. आणि पोलोच्या मागच्या चाकांना स्प्रिंग वेगळीकडे, शॉक वेगळीकडे! नवा संच बसवल्यावरही तो संसार वेगळाच राहिला. म्हणजे बिलात चार नग कॉइलओव्हर, त्यातले दोन नुसते कॉइल. आमच्याकडे असं व्हाउचर पास करणाऱ्याला सस्पेन्शन मिळतं. खरं सस्पेन्शन.

पण माझं खरं भांडण त्या खोक्यावरच्या एका शब्दाशी आहे. तो शब्द 'आणि'. 'रस्ता आणि ट्रॅक' दोन्हींसाठी एकच संच! विकणाऱ्याने पुतण्याला समजावलं होतं की वर एक बटण आहे, त्याला तीस टिचक्या आहेत. सैल केलं की घरची गाडी, आवळलं की शर्यतीची. सकाळी आजीला फिजिओथेरपीला न्यावं आणि संध्याकाळी शर्यत मारावी.

आता शर्यत मारायची कुठे? कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर, नाहीतर चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टईला. आमच्या कोथरूडपासून दोन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे. पुतण्याच्या रजेचा आणि खिशाचा हिशेब करता वर्षातून दोन दिवस. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस कर्वे रस्ता. एवढा हिशेब मांडायला कॉमर्सची पदवी लागत नाही, पण माझी आहे म्हणून मी मांडला. उत्तर आलं, "काका, तुम्हाला नाही कळायचं."

मग मी कळून घेतलं. स्प्रिंगचा कडकपणा किलोला मिलिमीटरने भागून मोजतात. समजा एका चाकावर २४० किलोचा भार आहे. ३ किलोची स्प्रिंग त्याखाली ८० मिलिमीटर दबते, ६ किलोची फक्त ४०. ही झाली स्प्रिंग. बटणाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. बटण शॉकच्या आतल्या तेलाची वाट अरुंद-रुंद करतं, म्हणजे स्प्रिंगने किती वेगाने दबावं आणि किती वेगाने उलटावं, एवढंच ठरवतं. टिचक्या मागे फिरवून ६ची स्प्रिंग ३ची होत नाही. कर्जाचा व्याजदर तोच ठेवून हप्त्याची तारीख बदलून दिली, तर ऋणको सुखी होतो का? उलट कडक स्प्रिंगला लगाम जास्त लागतो. बटण फार सैल केलं, तर खड्डा मागे गेल्यावरही गाडी दोनतीनदा मान डोलावते. कित्येक संचांत तर दबण्याचा आणि उलटण्याचा लगाम एकाच बटणाला बांधलेला असतो. एक सैल करावा तर दुसराही सुटतो. दोन वेगळी बटणं हवी असतील तर किंमत वाढते आणि जामीनदाराचा रक्तदाबही.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं. आईला मणक्यातून कळलं.

तिचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं. दर मंगळवारी नातू तिला फिजिओथेरपीला नेतो, आणि त्या दोन तासांसाठी ती सोमवारीच साडी काढून ठेवते. नव्या संचाच्या पहिल्या मंगळवारी त्याने बटण पार सैल केलं होतं. पोराच्या मनात खोट नाही. जाताना आईने दारावरची मूठ धरली ती येईपर्यंत सोडली नाही. घरी आल्यावर पाणी प्यायली आणि म्हणाली, "पुढच्या मंगळवारी मी रिक्षाने जाईन हो. रिक्षावाला निदान खड्डा आला की शिवी देतो. आधी कळतं तरी."

आम्ही हसलो. पुतण्या हसला नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. या मंडळींना संच कसा वाटला विचारा. ते आधी गाडी किती बोटं खाली बसली ते सांगतात. आमची तीन बोटं बसली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं लिहिलंय. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो उरलेल्या दोन पोती सिमेंटमध्ये बसवलाय. तेव्हा उंची आहे, रुंदी नाही. पहिल्याच रात्री ऑइल चेंबर त्याला घासलं आणि तिसऱ्या मजल्यावरचे दिवे लागले. शिवाय गाडी खाली आणली की चाकाला वर सरकायला जागा उरत नाही. स्प्रिंगचं काम संपण्याआधीच आतला रबरी बफर लागतो आणि पुढचा दणका थेट बॉडीला. मॅकफर्सनच्या गाडीत फार खाली गेलं तर खालचा आर्म उलटा तिरका होतो आणि गाडी वळणावर कलू पाहते. म्हणजे ज्यासाठी केला अट्टाहास, तेच हुकलं!

कायद्याचं तर बोलूच नये. नोंदणीतल्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार गाडीत चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. विम्याच्या माणसाला काय सांगायचं ते पुतण्याने अजून ठरवलेलं नाही.

एक कबूल करतो. डांबर नवं असताना त्याने मला ताम्हिणीत नेलं होतं. गाडी वळणावर अशी चिकटून गेली की मीही "वा!" म्हणालो. दोनदा म्हणालो. पण पौडच्या अलीकडेच पाठ बोलायला लागली.

आणि ट्रॅकवर काय झालं? पाचव्या फेरीला ब्रेकचं तेल उकळलं आणि पेडल पार खाली गेलं. कंपनीच्याच स्प्रिंगांवर आलेला एक मुलगा, ज्याने पैसे चांगल्या टायरवर, ब्रेकच्या पॅडवर आणि ताज्या तेलावर घातले होते, शांतपणे पुढे निघून गेला. हप्ता नव्हता ना त्याला!

घ्यायचाच असेल तर घ्यावा. पण कर्जाच्या अर्जाला लागतात तसे प्रश्न आधी विचारावेत. स्प्रिंग किती किलोची? शॉक त्याच स्प्रिंगसाठी बनवलाय की नुसता त्याच रंगाचा आहे? चाकाला वर जायला किती जागा उरते? पावसाळ्याचा चिखल आट्यांत बसून चकती जाम झाली तर? तेल गळायला लागलं तर दुरुस्ती इथे होते, की नळी जर्मनीला पाठवायची? आमच्या पुतण्याने विचारलेला एकमेव प्रश्न होता, "निळ्यात मिळेल का?"

मूळच्या स्प्रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहेत. आई मंगळवारी रिक्षाने जाते. पुतण्या खालपर्यंत सोडायला येतो, तिला बसवतो आणि रिक्षा वळेपर्यंत उभा राहतो. परवा रविवारी त्याने शिडी लावली, माळ्यावर बराच वेळ काहीतरी खुडबुड केली आणि खाली उतरून म्हणाला, "काका, जुन्या स्प्रिंगा परत बसवायला मेस्त्री अलाइनमेंटसकट किती घेईल?"

"किती का घेईना," मी म्हणालो, "या वेळी जामीनदार दुसरा बघ."