कळतं, पण वळत नाही

माझा रूममेट सेकंड इयरला हायवेवर गाडीवरून पडला. डोक्याला मार लागला. दोन महिन्यांनी परत आला तेव्हा अगदी पूर्वीसारखाच. गणितं सोडवायचा, जोक मारायचा. पण घरनं आलेले पैसे दोन दिवसांत उडवायचा आणि सबमिशनच्या आदल्या रात्री रंकाळ्यावर जाऊन बसायचा. आम्ही म्हणायचो, "भावा, तुला कळतं, पण वळत नाही!" माघारी म्हणायचो, "पोरगं बिघडलं."

पुढे सेमिनारसाठी वाचताना १९९४ चा एक प्रयोग सापडला. अमेरिकेतल्या आयोवात बेकारा, दमासिओ वगैरे मंडळींनी लोकांना पत्त्यांच्या चार गड्ड्या दिल्या. दोन गड्ड्यांत पानामागे १०० डॉलर (खेळातले!), पण दंड असा की दहा पानांत २५० चा तोटा. उरलेल्या दोनांत ५० च, पण दहा पानांत २५० चा फायदा. धडधाकट माणसं हळूहळू फायद्याकडे वळली. कपाळामागचा, मेंदूचा खालचा-मधला भाग दुखावलेली माणसं मात्र १०० लाच भुलत राहिली. बुद्धी शाबूत होती. पुढच्या प्रयोगात तर काहींना वाईट गड्डी कोणती हे सांगताही आलं, तरी हात तिकडेच गेला.

२००४ साली कॅनडातल्या वॅगर आणि थॅगार्ड यांनी हाच खेळ न्यूरल नेटवर्ककडून खेळून घेतला. मागच्या अनुभवाची भावना निर्णयापर्यंत पोचवणारा तो भाग नेटवर्कमधून काढला, तर नेटवर्कही समोरच्या १०० ला भुललं.

मित्रांनो, नेटवर्कला ना आळस, ना वाईट संगत. तरी चूक तीच! मग माणसाच्याच बाबतीत आपण थेट स्वभावावर का घसरतो?

मॉडेल म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. माझ्या मित्राला नेमकं काय झालं होतं, ते डॉक्टरच सांगू शकले असते. पण डॉक्टरांकडे न्यायचं आम्हाला सुचलंच नाही. थर्ड इयरला त्यानं कॉलेज सोडलं.

म्हणून सांगतो, डोक्याला मार लागलेला दोस्त परत आला, की टाके भरले म्हणून निश्चिंत होऊ नका. वागणं बदललं तर घरी कळवा, रेक्टर सरांना सांगा, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. त्याचं वागणं बदललंय, हे आम्हाला रोज दिसत होतं. कळत होतं, वळलं नाही ते आम्हाला.