गुणवत्तेची बोंब आणि प्रयोगशाळेतले मौन

डोंबिवलीचा फडके रोड असो की ठाण्याचा नौपाडा, एक वाक्य आम्हाला वर्षानुवर्षे ऐकवले जाते : आरक्षणामुळे दर्जा घसरला. आधी डॉक्टरकीचा घसरला म्हणायचे, आता संशोधनाचाही घसरला म्हणतात. पुरावा मागितला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचे टक्के सांगितले जातात. पुरावा कशाला म्हणतात हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी संशोधनाच्या दर्जावर बोलावे, ही मोठी गंमत आहे. म्हणून या वेळी आम्ही या मंडळींशी आकड्यांतच बोलणार आहोत.

२०१२ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ग्लेन बेगली आणि ली एलिस यांचा एक लेख आला. अॅमजेन या बड्या अमेरिकी औषध कंपनीने कर्करोगावरचे ५३ गाजलेले शोधनिबंध निवडले आणि त्यातले मुख्य निष्कर्ष आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळतात का, ते तपासले. ५३ पैकी फक्त ६ निबंधांचा पडताळा आला. पुढे २०१६ मध्ये 'नेचर'नेच १,५७६ संशोधकांची पाहणी केली. दुसऱ्याचा प्रयोग करून पाहिला आणि तो जमला नाही, असे सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी कबूल केले.

आता आमचा सरळ प्रश्न. हे ४७ निबंध लिहिणारे कोणत्या राखीव जागेवरून आले होते? तिथे कोणाचा कोटा होता? बड्या प्रयोगशाळा, मुबलक पैसा, नामांकित नियतकालिके, सगळे हाताशी असताना ही अवस्था. म्हणजे दर्जा घसरण्याचे कारण दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि ते शोधायची तयारी या बोंब मारणाऱ्यांची नाही. कारण ते कारण त्यांच्या घरापर्यंत येते.

हे निष्कर्ष खोटे का ठरतात? दर वेळी कुणी आकडे बनवलेले असतात असे नाही. कोणत्या उंदराला औषध दिले आणि कोणत्याला नाही, हे मोजणाऱ्यालाच माहीत असते, म्हणून त्याची नजर नकळत हव्या त्या बाजूला झुकते. दहा वेळा प्रयोग करून जमलेला एकच छापला जातो आणि न जमलेले नऊ कपाटात जातात. किती रुग्ण घ्यायचे हे आधी ठरवलेले नसते, हवा तो आकडा येईपर्यंत नमुने वाढवत नेतात. ज्या पेशी यकृताच्या म्हणून वाढवल्या, त्या मुळात दुसऱ्याच निघतात, कारण कुणी तपासूनच पाहिलेले नसते. आणि या प्रत्येक चुकीच्या शेजारी एक कनिष्ठ संशोधक उभा असतो. त्याला ती चूक दिसलेली असते, पण तो बोलत नाही.

हे मौन आमच्या देशात कुठून येते, ते आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

आपल्याकडे काहीच शिकवले जात नाही, असे मात्र नाही. २०१९ पासून एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च' हा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा झाला. तो आयसीएमआरच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केला आहे, आणि चांगला केला आहे. त्याच सुमारास यूजीसीने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम बंधनकारक केला. कागदावर सगळे आहे. पण अभ्यासक्रमात मुलगा शिकतो की न आलेला निकालही निकालच असतो, आणि दुसऱ्या दिवशी गाइड सांगतो की 'पॉझिटिव्ह' काही दाखव. यात जिंकणार कोण? प्रमाणपत्र देणारी वेबसाइट, की थीसिसवर सही करणारा हात?

आपल्या भागातलेच पाहा. कळव्याला ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा अशा रुग्णालयांवर किती भार आहे हे उभ्या महाराष्ट्राला कळले. कळवा, मुंब्रा, दिव्यापासून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंतचा गरीब माणूस तिथे येतो. इतका भार असलेल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयातला निवासी डॉक्टर सलग ड्युट्या करून थीसिस कधी लिहिणार? संख्याशास्त्राचा जाणकार गाठायला त्याला वेळ कुठला? २०२४ मध्ये अंबरनाथलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. इमारत, खाटा, जागा यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण तिथला तरुण डॉक्टर संशोधन कोणाकडून आणि कसे शिकणार, हा प्रश्न कोणत्याही नगरसेवकाच्या फलकावर आम्हाला दिसलेला नाही.

दुसरी फळी आहे कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली, ठाण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतून एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींची. टिटवाळा, आंबिवली, दिव्याहून लोकल पकडून ही मुले परळच्या, खारघरच्या प्रयोगशाळांत जातात. घरातला पहिला पदवीधर, पहिलाच संशोधक. प्रयोग रात्री संपतो आणि शेवटची लोकल चुकली की फलाटावर बसून राहायचे. या मुलाच्या हातात गाइडच्या शिफारसपत्राखेरीज काहीही नसते. त्याने 'सर, हे तीनदा केले, येत नाही' म्हणायचे, तर कोणत्या बळावर?

इथेच जात आत येते. जिथे वरच्याला प्रश्न विचारणे म्हणजे गुरुद्रोह, तिथे विज्ञान होत नाही, पूजा होते. एकलव्याची गोष्ट आदर्श शिष्याची म्हणून सांगणाऱ्या समाजाने प्रयोगशाळाही तशाच उभ्या केल्या. तिथला गुरू अंगठा मागत होता, इथला गाइड हवा तो आकडा मागतो. आणि जो देत नाही, त्याचे काय होते? डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला, प्रकरण न्यायालयात गेले. तो विषय संशोधनाचा नव्हता. पण ज्या व्यवस्थेत कनिष्ठाने स्वतःच्या छळाबद्दल तोंड उघडणे इतके अवघड, तिथे तो वरिष्ठाच्या चुकीच्या आकड्याबद्दल तोंड उघडेल, ही अपेक्षा कोण करते?

आमच्यातलेच काही साथी म्हणतात, हा 'काटेकोरपणा' म्हणजे आपल्या मुलांना बाहेर ठेवायची आणखी एक गाळणी आहे. ही भीती खोटी नाही. आजवर 'मेरिट'च्या नावाने हेच झाले. पण नीट विचार करा. मेरिट तोंडी असते, वरच्याच्या मर्जीवर असते. काटेकोर संशोधनाचे नियम लेखी असतात. रूढी वरच्याच्या कामाची असते आणि संविधान खालच्याच्या, हे आम्ही चांगले जाणतो. काय तपासणार, किती नमुने घेणार, कसे मोजणार, हे प्रयोगाआधीच लिहून तारखेसह नोंदवले, तर गाइडला मागाहून ते बदलता येत नाही. पाने क्रमांकित असलेल्या वहीत रोजचे काम शाईने लिहिलेले असेल, तर तुमचे काम दुसऱ्याच्या नावावर सहजासहजी छापता येत नाही. लेखी नियमांचे ओझे वरच्याला वाटते, कनिष्ठाला ते संरक्षण देतात.

ढिसाळ संशोधनाची किंमत कोण मोजतो, तेही बघा. थीसिसमध्ये ज्याला 'नमुना' म्हणतात, तो बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो. २००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या बडोदा जिल्ह्यात हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्याचा अभ्यास झाला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. सात मुलींचे मृत्यू पुढे आले आणि २०१० मध्ये अभ्यास थांबवावा लागला. मृत्यू लसीमुळे झाले नसावेत, असे चौकशीत सांगितले गेले. पण दुष्परिणाम टिपण्याची व्यवस्थाच धड नव्हती, तर हे छातीठोकपणे सांगणार कशाच्या आधारे? २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. आम्ही लसीच्या विरोधात नाही. लस आमच्या मुलींनाही हवी. पण नोंदीशिवायचे संशोधन गरिबाच्या शरीरावर केले जाते, आणि नोंद नसल्यामुळे त्याला न्यायही मिळत नाही.

उत्तर आधी ठरवून प्रयोग मागाहून करायचा, हा रोग तर आता सरकारी खर्चाने पोसला जातो. २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशी गायींच्या उत्पादनांवरील संशोधनासाठी प्रस्ताव मागवले. त्यावर शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीर हरकत घेतली. गायीवर संशोधन करूच नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. थोरवी गृहीत धरून पुरावे गोळा करायला त्यांची हरकत होती, आणि ती रास्त होती.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिला, तेव्हा प्रस्तावनेतच आपल्या मांडणीतले दुवे कुठे निखळले आहेत आणि तिथे अनुमानावर का विसंबावे लागले, हे उघडपणे सांगितले. आपला सिद्धांत तपासून बघा, असे आव्हान त्यांनी अभ्यासकांना दिले. आज परदेशात तरुण संशोधकांना हेच शिकवतात. आणि त्याच्याही अडीच हजार वर्षे आधी तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा आपला गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका. आमच्या मुलांना काटेकोरपणा बाहेरून आणायचा नाही. तो त्यांचा वारसा आहे.

मग शासन काय करते? डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवा लावणार, अशा अर्थाचा सवाल विधान परिषदेत केला, नंतर दिलगिरीही व्यक्त केली. त्याच महिन्यात, २४ डिसेंबरला, बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली. तीत २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका दिल्याचे विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. १० जानेवारी २०२४ ला परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि तेव्हाही गोंधळ झाला. संशोधनाचा पडताळा यावा म्हणतात, इथे प्रश्नपत्रिकेचीच पुनरावृत्ती! आणि फेलोशिप वेळेवर न मिळणारा मुलगा घाईने निकाल देणार नाही, तर काय करणार?

म्हणून ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या वैद्यकीय आणि विज्ञान महाविद्यालयांकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक थीसिसचा आराखडा काम सुरू होण्याआधी नोंदवा. रुग्णांवरच्या अभ्यासासाठी सीटीआरआय ही नोंदवही २००७ पासून आहे आणि तिथली नोंदणी मोफत आहे. निकाल 'निगेटिव्ह' आला म्हणून कुणाला नापास करू नका, पद्धत तपासा. प्रत्येक महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस तरी संख्याशास्त्राचा सल्लागार बसवा. निवासी डॉक्टरला संशोधनासाठी ड्युटीतून ठरावीक वेळ द्या. आकड्यांबद्दलची तक्रार गाइडच्या हाताखाली नसलेल्या समितीकडे जाऊ द्या, आणि त्या समितीत अनुसूचित जाती-जमातींचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असू द्या. संशोधन पद्धतीचे साहित्य मराठीत द्या. फेलोशिप दर महिन्याला ठरल्या तारखेला द्या.

आणि आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांनी शासनाची वाट पाहत बसू नये. एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी महिन्यातून एक शोधनिबंध ठेवा. नमुने किती, कसे निवडले, कोणते आकडे दाखवले नाहीत, हे एकमेकांना विचारा. जो मुलगा अभ्यासिकेत मोठ्या प्राध्यापकाच्या निबंधातली चूक दाखवायला शिकेल, तो उद्या प्रयोगशाळेत गप्प बसणार नाही.

दर्जाची चर्चा आम्हाला हवीच आहे. ती पुराव्यानिशी होऊ द्या आणि खालच्याला बोलायची मुभा देऊन होऊ द्या. मग कोणाचा दर्जा किती, ते वह्या उघडल्यावर कळेलच.

जय भीम!