तात्यांची जोड

रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर कुस्ती पेटली. कुस्ती म्हणजे तोंडाची. एका बाजूला माझा पुतण्या, चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. दुसऱ्या बाजूला माझे चुलते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना सारी वस्ती तात्या म्हणते.

पुतण्याचे म्हणणे असे की, आपल्या शिवराज राक्षेसमोर जुन्या काळचा एकही मल्ल दोन मिनिटे टिकला नसता. तात्यांचे म्हणणे, श्रीपती खंचनाळ्यांनी नुसता मानेवर हात टाकला असता तरी आजच्या पोरांना मातीची चव कळली असती. मी मध्ये पेपर वाचत बसलेलो. शेवटी दोघांनीही माझ्याकडे तोंड वळवले. "काका, तुम्ही बी.कॉम. झालाय, हिशेबाची माणसं तुम्ही. सांगा कोण भारी!"

वाचकहो, राजगुरुनगरात हा प्रश्न साधा नाही. राक्षेवाडी आमच्या उशालाच. १४ जानेवारी २०२३ रोजी पुण्यात कोथरूडला शिवराजने महेंद्र गायकवाडला एका मिनिटाच्या आत चीत करून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, तेव्हा आमच्या गावाला जणू आपल्याच घरात गदा आल्यासारखे झाले. त्यामुळे इथे शिवराजच्या विरुद्ध बोलायचे म्हणजे छाती लागते. तात्यांना ती आहे.

मी कारकून माणूस. दोन रकमा एकमेकींतून वजा करायच्या तर दोन्ही एकाच खात्यातल्या हव्यात, एवढे मला कळते. म्हणून आधी खाती तपासली.

खंचनाळे १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. जुनी मैदानी कुस्ती ही निकाली कुस्ती. घड्याळ नाही, गुण नाहीत. समोरच्याची पाठ मातीला लागली की संपली, नाही लागली तर चालू. दम हाच मोठा डाव. आज महाराष्ट्र केसरीच्या मुख्य गटात ८६ ते १२५ किलोंचे मल्ल उतरतात. माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. चीत झाले नाही तर गुणांवर निकाल. सहा मिनिटांत सगळी ताकद ओतायची सवय झालेला मल्ल आणि तासभर समोरच्याला दमवत ठेवणारा मल्ल, यांची तुलना करायची कोणत्या नियमाने? घड्याळ लावले तर तात्या हरणार, घड्याळ काढून घेतले तर पुतण्या.

"म्हणजे बरोबरीत सोडवली," पुतण्या नाराजीने म्हणाला. मी म्हटले, थांब, हे भांडण फक्त आपल्या ओट्यावरचे नाही. मुष्टियुद्धात, म्हणजे बॉक्सिंगमध्ये, हेवीवेट गटातला सर्वांत भारी कोण, यावर अमेरिकेत लोक शंभर वर्षे भांडत आहेत. तिथेही खाती वेगवेगळीच. जॉन सुलिव्हन १८८९ साली उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढला. पुढे हातमोजे सक्तीचे झाले. अजिंक्यपदाची लढत बरीच वर्षे १५ फेऱ्यांची होती, ती १९८० च्या दशकात १२ वर आली. रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला आणि ४९ जिंकला, पण त्याचे वजन ८५ किलोंच्या आसपास. मे २०२४ मध्ये उसिकशी लढलेला टायसन फ्युरी सुमारे ११९ किलोंचा. आमच्या महाराष्ट्र केसरीत मार्सियानो आला असता तर मुख्य गटात बसतो की नाही, हेच आधी काट्यावर बघावे लागले असते!

त्यात पुन्हा संस्था अनेक. बॉक्सिंगमध्ये चार संस्था, चार पट्टे, एकाच वेळी दोन-तीन "जगज्जेते". उसिकने फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले. १९९९ नंतर पहिल्यांदाच हेवीवेटला निर्विवाद विजेता मिळाला. आपण हसायचे कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याकडेही एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेखने शिवराजला हरवून गदा घेतली, आणि थोड्याच दिवसांत धाराशिवला शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून घेतली. दोन्ही ठिकाणी गदा खरी, घाम खरा. वेगवेगळ्या काळांचे सोडा, एकाच महिन्यातला भारी कोण, हेसुद्धा आमच्या मंडळींना एका मतानें सांगता येईना.

पुतण्याने तोड काढली. "मग जुन्याला नव्याशी लढवूनच बघायचं. कधीतरी दोन पिढ्या समोरासमोर आल्याच असतील की."

आल्या आहेत. पण त्या लढतींनी कोडे सुटत नाही. जो लुई बारा वर्षे जगज्जेता होता, पंचवीस वेळा त्याने पद राखले. १९५१ साली सदतीस वर्षांच्या लुईला मार्सियानोने आडवे केले. मार्सियानोचा तो लहानपणापासूनचा आदर्श. जिंकल्यावर मार्सियानो रडला, असे सांगतात. १९८० मध्ये अडतीस वर्षांच्या मुहम्मद अलीला लॅरी होम्सने हरवले, आणि १९८८ मध्ये अडतीसच्याच होम्सला तरुण माईक टायसनने. तीनही वेळा जुना काळ हरला असे दिसते. प्रत्यक्षात हरले ते वय. आमचे तात्या आज जिना चढताना दोनदा थांबतात, म्हणून जवानीत त्यांच्यात दम नव्हता असे कोण म्हणेल?

आता संगणकाची गंमत ऐका. १९६७ साली अमेरिकेत एका रेडिओ निर्मात्याने सोळा हेवीवेट विजेते निवडले, त्यांची माहिती संगणकात भरली आणि कोण कोणाला हरवेल ते त्याच्याकडून काढून घेतले. त्या लढती रेडिओवर खऱ्यासारख्या ऐकवल्या. अलीला संगणकाने हरवला, आणि तोही जेम्स जेफ्रिज या जुन्या विजेत्याकडून. अली चिडून कोर्टात गेला. पुढे तोच निर्माता अली आणि मार्सियानो या दोघांना समोरासमोर उभे करून चित्रपट काढायला निघाला. मार्सियानो तेव्हा निवृत्त होऊन तेरा वर्षे झालेली, तर अलीने व्हिएतनामच्या लढाईवर जायला नकार दिला म्हणून त्याचे पद आणि परवाना दोन्ही काढून घेतलेले. दोघांनी बंद दाराआड खोटे खोटे ठोसे मारले, शेवट अनेक प्रकारचे चित्रित केले. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत जो दाखवला त्यात तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तो स्वतः हे पाहायला उरला नव्हता. ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात गेला.

मला या सगळ्यात जेफ्रिजचे नाव खटकले. हा जेफ्रिज १८९९ पासून १९०५ पर्यंत जगज्जेता. त्या सहा वर्षांत एकाही काळ्या मल्लाला त्याने पदासाठी लढू दिले नाही. जॅक जॉन्सन आव्हान देत होता, हा ऐकत नव्हता. त्याच्याही आधी सुलिव्हनने तेच केले होते. पीटर जॅक्सनसारखा जबरदस्त काळा खेळाडू दारात उभा, आणि विजेता म्हणतो मी काळ्याशी लढणार नाही. जॉन्सनला शेवटी १९०८ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात, सिडनीला, संधी मिळाली. तीही टॉमी बर्न्सच्या मागे जगभर फिरल्यावर. तो जिंकला. मग निवृत्त जेफ्रिजला गोऱ्यांनी घरातून ओढून आणले. ४ जुलै १९१० रोजी रेनो शहरात जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवले, आणि त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले. माणसे मेली.

१९१५ ला जॉन्सन हरला आणि दार पुन्हा बंद झाले. १९३७ मध्ये जो लुई उतरेपर्यंत, बावीस वर्षे, एकाही काळ्या खेळाडूला हेवीवेट पदाची लढत मिळाली नाही. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ विजेता होता. आजही थोरांच्या यादीत त्याचे नाव असते. त्याच्या त्या सगळ्या वर्षांत हॅरी विल्स हा काळा मल्ल पहिल्या क्रमांकाचा दावेदार होता. करार झाले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, लढत झाली नाही. संगणकात डेम्प्सीचे विजय भरता येतात. विल्सशी न झालेली लढत कोणत्या रकान्यात भरणार? माझ्या टेबलावरच्या रजिस्टरलाही हाच रोग आहे. अर्ज आला तर आवक नंबर पडतो. जो माणूस फाटकावरूनच परत पाठवला, त्याची नोंद कुठेच नसते.

हे सांगत असताना पुतण्याचे लक्ष होते की नाही कोण जाणे. तो मध्येच म्हणाला, "पण तात्या, तुम्ही एवढं बोलता, तुमच्या स्वतःच्या नावावर किती कुस्त्या?"

तात्या गप्प झाले. सुपारी कातरत बसले.

पुतण्याला ठाऊक नव्हते, मला होते. माझ्या वडिलांनी सांगितले होते. तात्या विशी-बाविशीचे असताना, म्हणजे साठच्या दशकात, त्यांच्या अंगात खरोखर रग होती. तालमीत त्यांना कोणी घेत नव्हते. ओढ्याकाठी वाळू चाळून आपल्याच वस्तीतल्या पोरांनी हौदा केला होता, तिथे मेहनत व्हायची. तेवढ्यावर ते जवळच्या एका गावच्या जत्रेत फडावर गेले. लंगोट कसून, अंगाला माती लावून हात वर करून उभे राहिले. फडावरच्या माणसांनी नाव विचारले, गाव विचारले, मग आळी विचारली. आळी सांगितल्यावर म्हणाले, "तुला जोड नाही." दोन-तीन जत्रांत हेच. चौथ्या वेळी ते गेलेच नाहीत. पुढे पुण्याला हमालीला गेले, मग लग्न, मग आम्ही सगळे.

मी हे मोघम सांगितले. तात्यांच्या देखत सगळे उघडे करायला जीभ वळेना. पुतण्याने पाय खाली सोडले आणि थोड्या वेळाने हळूच विचारले, "तात्या, जोड मिळाली असती तर समोर कोण असता?"

मला वाटले तात्या उठून आत जातील. पण त्यांना नाव पाठ होते. साठ वर्षांनी. त्या गावचा एक उंच पैलवान, उजव्या पायावर जास्त भार देणारा. तात्यांनी त्याच्या तीन कुस्त्या कडेला उभे राहून पाहिल्या होत्या. "तो पटात घुसायला वाकायचा तेव्हा मान खाली जायची त्याची," तात्या म्हणाले. "मी घुसूच दिला असता. मग वरनं ढाक."

"ढाक? उंच माणसाला? शक्यच नाही," पुतण्या म्हणाला. "आजचा पैलवान असता तर—"

"उठ," तात्या म्हणाले.

पुतण्या हसत उठला. तात्यांनी अडकित्ता माझ्या हातात दिला, धोतराचा सोगा खोचला आणि ओट्याखाली अंगणात उतरले. माझी बायको आतून ओरडली, "अहो, त्यांना धरा, पडतील!" मी उठलो नाही. तात्यांनी पुतण्याच्या मानेवर डावा हात टाकला, त्याचा उजवा हात काखेत घेतला आणि आपली कंबर त्याच्या पोटाला लावली. जोर केला नाही. नुसते तिथे उभे राहिले. साडेपाच फुटांचा, जिममध्ये जाणारा पोरगा, त्याची टाच जमिनीवरून थोडीशी सुटली. तो हसायचा थांबला.

"आता इथून तू काय करशील?" तात्यांनी विचारले.

पुतण्याने विचार केला. मग म्हणाला, "हात सोडवून घेईन."

"सोडव."